जावयासाठी नोकरी

“ह्यातली खरी कनची नि खोटी कनची, तेवढं सांगा मॅडम.”

रंभाबाईंनी वहीचं पान टेबलावर सरकवलं. नोकरी देणाऱ्या तीन वेबसाइटची नावं त्यावर वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिली होती. अक्षर त्यांच्या मुलीचं, मितालीचं. ती शेजारीच बसली होती. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

“ओटीवरनं पडली,” प्राचीने विचारायच्या आधीच रंभाबाई म्हणाल्या.

प्राचीने अकरा वर्षं एका भरती कंपनीत काढली होती. आता दर शनिवारी ती नवीन पनवेलच्या एका वाचनालयात बसून नोकरी शोधणाऱ्यांना फुकट सल्ला द्यायची. प्रत्येक साइटवर ती आधी स्वतः खोट्या नावाने अर्ज करायची. फोन कोणाचा येतो ते बघायची, जमलं तर दिलेल्या पत्त्यावर जाऊन यायची.

“नोकरी कोणाला हवीये, मावशी?”

“जावयाला. शैलेश. तळोज्याला केमिकल कंपनीत होता, ठेकेदाराकडं. काम सुटून वरीस झालं. सुकापूरला घरीच असतो.” रंभाबाईंनी मितालीकडे पाहिलं. “मानूस घरी बसला का बिगडतो, मॅडम.”

मिताली खिडकीबाहेर बघत होती.

प्राचीने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. “ही पहिली साइट खरी आहे, पण तारीख बघूनच अर्ज करायचा. निम्म्या जाहिराती शिळ्या असतात. जागा कधीच भरलेली, जाहिरात आपली तशीच.”

“नि दुसरी?”

“ही लहान आहे, पण चोख. इथल्या कारखान्यांचे लोक स्वतः जाहिरात टाकतात. ही बघा, स्टोअरकीपरची जागा. मी काल फोन केला होता, कंपनीच्याच माणसाने उचलला. शैलेशना आजच अर्ज करायला सांगा.”

रंभाबाईंनी मान हलवली. “नि ही तिसरी?”

ती साइट सगळ्यात देखणी होती. परदेशात डेटा एन्ट्री, लाखभर पगार, तिकीट कंपनीचं, इंग्रजी आलं नाही तरी चालेल. प्राचीने लाल पेन उचललं आणि पानावरचं ते नाव खोडून टाकलं.

“हिच्या वाटेलाही जायचं नाही. विमानतळावर न्यायला येतात आणि तिथून गाडीने सरहद्दीपलीकडे नेतात. पासपोर्ट काढून घेतात. मग दिवसाचे सोळा तास फोनवरून लोकांना फसवायचं काम. नाही म्हटलं तर मार.”

“कोनी गेलंय का आपल्याकडचं?”

उरणचा गणू असाच प्राचीकडे आला होता. ही साइट कशी आहे, एवढंच त्याला विचारायचं होतं. बघून सांगते म्हणाली आणि तिने आठ दिवस लावले. सातव्या दिवशी तो गेला. त्याची आई अजून दर शनिवारी येऊन वाचनालयाच्या जिन्यात बसायची.

“गेलाय एक जण,” ती म्हणाली. “चौदा महिने झाले.”

“जिता हाय?”

“मध्ये एकदा मेसेज आला होता. नंतर नाही.”

“नि घरच्यांना काय तरास देतात का ती लोकं?”

“नाही. घरच्यांनी फक्त वाट बघायची.”

रंभाबाईंनी पदराने ओठ पुसले. पानाची नीट घडी घालून त्यांनी ते कमरेच्या बटव्यात ठेवलं. “बरं झालं तुमाला इचारलं,” त्या म्हणाल्या. दाराशी मिताली क्षणभर रेंगाळली. काहीतरी बोलायचं असावं, पण आईने हाक मारली आणि ती गेली.

त्या दिवशी प्राची हलक्या मनाने घरी गेली. या वेळी तरी उशीर झाला नव्हता.

दीड महिन्याने रंभाबाई पुन्हा आल्या, एकट्याच. हातातली वालाच्या शेंगांची पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली.

“आपटा गावच्या हायत, आमच्या शेतातल्या. मिताली आता माज्याकडंच असते.”

“आणि शैलेश? लागली का नोकरी?”

“लागली ना. सोमवारी इमानात बसला.”

प्राचीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. “विमानात? मावशी, ती तिसरी साइट? मी खोडली होती ती!”

“व्हय. तीच मितालीनं त्याला मोबाइलवर दाखवली. लाखाचा आकडा बगून तोच मागं लागला.” रंभाबाईंचा आवाज चढला नाही. “तिचा हात त्यानंच मोडलेला. त्याच्या आदी बरगडी. दोनदा पोलिसात गेलो मॅडम. दोन्ही टायमाला त्यानं पाय धरलं, कान पकडलं नि पोरीला परत घेऊन गेला.”

प्राचीचा हात तोवर खणात गेला होता. गणूच्या वेळचा तक्रारीचा कोरा अर्ज अजून तिथेच होता. तिने तो घाईघाईने बाहेर काढला.

“पाचच दिवस झालेत. अजून हालचाल करता येईल. पण तक्रार घरच्यांनीच करावी लागते, त्याशिवाय पुढे काहीच सरकत नाही. त्याचे आईवडील, भाऊ, कोण आहे त्याच्या घरचं?”

तिने अर्ज पुढे केला. त्यावर पेन ठेवलं.

रंभाबाईंनी पेन उचललं, त्याला टोपण लावलं आणि ते प्राचीच्या हातात परत दिलं.

“त्याच्या घरचं म्हनाल तर आमी दोघीच.”