पाकिटावरचं कपाळ

सासूनं शिकवलेल्या गोदूच्या नाचणीच्या पापडांनी म्हशाची जत्रा गाजवली, तशी तिच्या लेकीनं धंदाच मांडला आणि प्रत्येक पाकिटावर हौसेनं आईचा फोटो छापला. आज थोरली जाऊ आपल्या मुलीच्या रुखवतासाठी पाकिटं न्यायला आली. गोदू चहा घेऊन बाहेर येते तो जाऊबाई एकेका फोटोच्या कपाळावर लाल टिकली चिकटवत बसलेल्या! “हे काय, बाय?” “लग्नघरात विधवेचं पांढरं कपाळ बरं नाय दिसत गो. तू हळदीला नाय आलीस तरी चालंल, पापड मात्र तुझेच पायजेत.” गोदूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा गेला त्या दिवशी तिचं कुंकू पुसणारा हात हाच होता. तिनं पाकिटावरची एक टिकली नखानं उचकटली आणि स्वतःच्या कपाळावर दाबून बसवली. “कागदावरच्या गोदूला चालते, मंग मला का नाय? आता मीच येते रुखवत मांडायला.”