ग्रहणातले मासे

या, जरा जवळ सरकून बसा. दिग्रसच्या एका सासूची गोष्ट सांगतो.

ग्रहण सुटलं तशी ती सुनेला म्हणाली, "कुंदा, घरातलं सारं पाणी सांड. माशांच्या पेटीतलंही."

विहिरीचं पाणी ओढून थकलेली कुंदा पेटीजवळ मटकन बसली. "आई, सारं पाणी एकदम बदललं की मासे मरतात. मागच्या ग्रहणाला चार गेले. दोनच राह्यले आता."

"काहून, माहेरचे पाहुणे होय का ते?" म्हणत सासू देवघरात गेली. स्वतःच्या शेवटच्या घोटासाठी काशीहून आणलेला गंगेचा गडू तिने फोडला अन् पेटीत रिता केला.

"गंगेला काय बाधते ग्रहण! राहू दे आता हे पाणी."

पुढे ती गेली, तेव्हा तिच्या तोंडात विहिरीचंच पाणी पडलं. हरिनाम घ्याल तेव्हा त्या माउलीलाही आठवा.