डॉल्फिनची झोप

गंगाखेडच्या घाटावर अण्णांच्या दहाव्याचा पिंड ठेवला होता, पण कावळा काही शिवेना. काकांनी हात जोडले. "दादा, ईश्वरीचं लगीन मी लावतो. वावर बी इकत न्हाई बघ!" कावळा लिंबावरून हलला नाही.

ईश्वरीला गेल्या महिन्यातली समुद्रातली बोटीची फेरी आठवली. डॉल्फिन बघून हरखलेल्या अण्णांनी विचारलं होतं, "हा झोपला की बुडत नसंल का गं? वाचून सांग मला." तिने घरी येऊन वाचलं, पण सांगायच्या आधीच अण्णा गेले.

ती पुढे झाली. "अण्णा, डॉल्फिन अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतो."

कावळा खाली उतरला, पिंडाला शिवला.

"माझी शेवटची एसटी येईपर्यंत तुम्ही जसे झोपायचात ना," ती हळूच म्हणाली, "अगदी तसा."