पुढच्या ब्रेकचा गार्ड

“हा नको. याचं टोक कोनाला तरी टोचंल,” असं म्हणत शशिकलाबाईंनी ब्रेकच्या लिव्हरपुढे बसवायचा लाल गार्ड काउंटरवर परत ठेवला.

शैलेशने तो खोक्यात टाकला. हा तिसरा. खांदा कॉलनीतल्या त्याच्या दुकानात मोटरसायकलचं सामान घ्यायला बायका फारशा येत नसत. आल्याच तर पोराला समजावून घरी न्यायला. ही बाई मात्र उरणकडच्या गावातून एकटीच आली होती. हातात वहीचा फाडलेला कागद, त्यावर गाडीचं मॉडेल आणि हँडलच्या पाइपाचं आतलं माप.

“माप कोणी घेतलं?”

“मीच. पट्टी लावून.”

“पोरगा रेस करतो का, मावशी?”

“ट्रॅकवर चालवतो. रस्त्यावर नाय.”

“मग गार्ड हवाच. वळणावर दोन गाड्या चिकटून आल्या, की एकाच्या हँडलचं टोक दुसऱ्याच्या ब्रेकच्या लिव्हरला…”

“लागतं,” त्या म्हणाल्या. “पुढचं चाक जागच्या जागी अडकतं. चालवनारा गाडीवरनं पुढं फेकला जातो. त्यानं बिचाऱ्यानं ब्रेक दाबलेला बी नसतो.”

हे शैलेश गिऱ्हाइकांना सांगायचा. गिऱ्हाईक त्याला सांगत नसे.

“व्हिडिओ बघितलात वाटतं?”

“नाय.”

दाखवण्यासाठी ठेवलेल्या हँडलवर शैलेशने अॅल्युमिनियमचा गार्ड बसवला. त्यांनी पदराला हात पुसले, मूठ धरली आणि दोन बोटांनी लिव्हर दाबून पाहिली. दाबली, सोडली, पुन्हा दाबली.

“गाडी पडली नि हा वाकून आत आला तर?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला एकाही रायडरने विचारला नव्हता. सगळे आधी रंग विचारत. शैलेश स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरचं धुळकट खोकं काढलं. आत काळा, जाड प्लॅस्टिकचा गार्ड होता. दिसायला अगदीच साधा, म्हणून कोणी घेत नसे.

“हा थोडा लवतो. फारच जोर आला तर मुळाशी तुटून पडतो. लिव्हरवर येऊन बसत नाही. टोकही गोल आहे.”

त्यांनी अंगठा टोकावरून फिरवला. दोन्ही बाजूंनी.

“मना ह्योच द्या.”

“गार्ड आणि लिव्हरमध्ये किती जागा सोडायची ते बोटांवर असतं. त्याची बोटं लांब आहेत का?”

“मी कंदी नीट बघितली नायत,” शशिकलाबाई म्हणाल्या. “तो येल गाडी घेऊन. तुमी हात बघूनच बसवा.”

“येईल ना नक्की? ही पोरं आज येतो म्हणतात आणि…”

“येनार. मी घेऊन येनार.”

शनिवारी सकाळी दुकानासमोर टेम्पो थांबला. आधी शशिकलाबाई उतरल्या, मग एक उंच, खांदे पाडलेला तरुण. नाव कल्पेश, तेही बाईंनीच सांगितलं. गाडी खाली घेतली तेव्हा सीटवर बोट उठेल एवढी धूळ होती.

“किती दिवस बंद आहे?”

“आठ महिने,” कल्पेश म्हणाला.

“का रे?”

तो सीटवरची धूळ तळहाताने पुसू लागला.

“घरात बसून होता,” शशिकलाबाई म्हणाल्या. “जेवत नव्हता धड. आता बास झालं. शर्यतीला जाऊ नको, नुसती चक्कर मार. पन जा.”

शैलेशने हँडलच्या टोकाचं वजन काढलं, गार्डची दांडी पाइपात सरकवली आणि स्क्रू आवळला. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून गार्ड कुठे घासत नाही ना ते पाहिलं. मग कल्पेशला बसायला सांगितलं. पोराने मूठ धरली, पण बोटं लिव्हरवर येईनात. शशिकलाबाई पुढे झाल्या आणि त्याची दोन बोटं धरून लिव्हरवर ठेवली. तो शहारला, पण त्याने हात काढून घेतला नाही.

“दाब,” त्या म्हणाल्या.

त्याने दाबली.

“बोटं अडकत नायत ना?”

त्याने मान हलवली. शैलेशने गार्ड जरासा बाहेर घेऊन पक्का केला. शशिकलाबाईंनी स्वतः तो धरून हलवून बघितला, आणि टेम्पोवाल्याला बोलवायला रस्त्यापलीकडे गेल्या.

शैलेशने पाना पुसून ठेवला. पोराला धीर द्यावा असं त्याला वाटलं.

“नशीबवान आहेस. माझ्या आईने माझी गाडी मला न विचारता विकून टाकली होती. आणि तुझी आई बघ, स्वतः गार्ड निवडून देते.”

कल्पेश अजून गाडीवरच बसला होता. रस्त्यापलीकडे शशिकलाबाई टेम्पोवाल्याला हाताने खुणा करून बोलावत होत्या. तो तिकडे बघत राहिला.

“त्या माझ्या आई नाहीत,” तो म्हणाला. “माझं हँडल ज्याच्या लिव्हरला लागलं, तो त्यांचा मुलगा होता.”