आधी तारीख

ज्या घराला आपला इतिहास नीट लावून ठेवता येत नाही त्या घराला भविष्य नसतं, असं थोरले काका म्हणाले. वाद एवढाच होता, की घरातल्या जुन्या कागदांच्या कॉम्प्युटरवरच्या फायलींना नावं देताना आधी तारीख घालायची की आधी माणूस.

"आधी लिहिणाऱ्याचं नाव," काकांनी निकाल दिला. तसं केल्यास घराण्याचा निम्मा इतिहास काकांच्याच नावावर चढणार होता. छत्तीस वर्षं त्यांनी कचेरीत आवक-जावक सांभाळली होती. किराणाच्या यादीवरही ते तारीख घातल्याशिवाय पुढे जात नसत.

"छे! आधी तारीख," पुतणी म्हणाली. ती ग्रंथालयात नोकरीला होती आणि काकांना भीत नव्हती. "सगळं आपोआप ओळीत लागतं. हे बघा."

दोनशे बारा फायली ओळीत उभ्या राहिल्या.

नवी काकू जुने फोटो पुसत होती. सतरा वर्षं झाली तरी घरात ती नवीच. ती पडद्यावर वाकली.

"हे उलटं लागलंय गं. ताई गेल्या बारा तारखेला, मृत्यूचा दाखलाही त्याच दिवसाचा, आणि निधनाच्या बातमीचा मसुदा नऊचा?"

ताई म्हणजे काकांची पहिली बायको. पुतणीनं मसुदा उघडला. काकांचं टपोरं अक्षर : 'जिन्यावरून पडून आकस्मिक निधन.'

"तारीख चुकली असेल," पुतणी घाईघाईनं म्हणाली.

"माझी?" काका दुखावले.

काकूच्या हातातलं फडकं थांबलं. "अहो, पण पडायच्या तीन दिवस आधी?"

"आयत्या वेळी धावपळ होते. धड शब्द सुचत नाहीत." काका पुतणीकडे वळले. "म्हणून सांगत होतो, आधी नाव."

पुतणीनं नावं बदलली. अकरा सेकंद लागले. मसुदा काकांच्या नावाखाली गेला, दाखला ताईंच्या. मध्ये शंभरेक फायली आल्या.

"माझाही करून ठेवलाय का हो?" काकूनं विचारलं.

"म्हणजे काय," काका चष्मा पुसत म्हणाले. "तारीख तेवढी घालायची राहिलीय."

त्याच दुपारी काकूनं आपलं अंथरूण माडीवरून खाली आणलं. शेजारणीला तिनं गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे ठणठणीत होते.