निरोगी रक्तातली डबी

सकाळी अकरा वाजता नळीतल्या रक्तात डीएनएची डबी आपोआप उघडली. ऋजुताने डीएनएच्या धाग्यांना घड्या घालून ही अतिसूक्ष्म डबी बांधली होती. रक्तात कर्करोगाची खूण सापडली, तरच ती उघडायला हवी होती. हे रक्त निरोगी होतं.

"झाकण सैल राहिलंय तुझं," तिच्या मार्गदर्शक केळुसकर मॅडम म्हणाल्या.

ऋजुताने नव्या डब्या बांधल्या. तिच्या स्वतःच्या रक्तात त्या बंद राहिल्या. सकाळच्या नळीत पुन्हा उघडल्या.

तुलनेसाठीचं निरोगी रक्त प्रयोगशाळेतल्यांनीच द्यायचं, असा मॅडमचा नियम होता.

"मॅडम, ही नळी कोणाची?"

मॅडमनी नळीवरची चिठ्ठी पाहिली. "माझी."

दुपारी त्या रुग्णालयात तपासणीला निघाल्या. "डबी चुकलेली निघाली, तर प्रबंध पहिल्यापासून लिहायला लावीन."

"चालेल, मॅडम," ऋजुता म्हणाली.

अहवाल अजून आलेला नाही.