कच्ची भाजणी

सोपान कुंभारानं संशोधक मॅडमनी दिलेल्या मातीचं मडकं भट्टीतून बाहेर ओढलं.

"ही बारीक थरांची माती तापून लाल होऊ देऊ नका, काका. जास्त भाजली की थर मोडतात, मग ती तळ्यातलं शेवाळ वाढवणारं फॉस्फेट धरणार नाही," संशोधक मॅडमनी कालच बजावलं होतं.

पण कच्चं काढणं कुंभाराच्या रक्तात नव्हतं. काल त्यानं ती खणखणीत भाजली आणि वाया घालवली. आता ही शेवटची मूठभर उरली होती; ती आज त्यानं मन मारून लाल होण्याआधीच काढली. तळ्यात शेवाळ माजून मासे मरून उलटे तरंगत होते.

मॅडमनी माती तळ्याच्या पाण्यात ढवळली, पाणी गाळलं, त्यात फॉस्फेट दाखवणारं औषध टाकलं. काल ते निळंशार झालं होतं, म्हणजे फॉस्फेट तसंच होतं. सोपान भांड्यावर वाकला.

पाणी नितळच राहिलं.

"जमलं, काका!"

"जमलं," तो पुटपुटला, "पण माझ्या भट्टीतून कच्चं निघालं, हे गावात सांगू नका."